अमेरिकन फुटबॉलमधला असिस्टंट कोच : या वाटेवर येऊ पाहणाऱ्यांसाठी

मैदानाच्या कडेला हेडसेट लावून, हातात लॅमिनेट केलेला कागद धरून उभी असलेली माणसं टीव्हीवर दिसतात. आपणही त्यांच्यातलं एक व्हावं असं वाटणारी मराठी मुलं-मुली आता अधूनमधून मला गाठतात. बहुतेक जण एम.एस.साठी अमेरिकेत आलेले, शनिवारी विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये बसून या खेळाच्या प्रेमात पडलेले. काही जण इथेच वाढलेले. हे काम नेमकं काय असतं, यावर पोट भरतं का, हे त्यांना आईबाबांना समजावून सांगायचं असतं. मी ओहायोतल्या डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या पातळीवरच्या, एका छोट्या कॉलेजात सेफ्टीजना (बचावात सर्वांत मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूंना) शिकवतो. त्याआधी डिव्हिजन टूमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट (पदव्युत्तर शिक्षण घेत काम करणारा मदतनीस कोच) होतो, आणि त्याही आधी एका मोठ्या विद्यापीठाच्या व्हिडिओ विभागात विद्यार्थी म्हणून काम करत होतो. मी वाढलो सांगलीत, आणि हा खेळ स्वतः कधीच खेळलो नाही. त्यामुळे इथे लिहिलंय ते मुख्यतः न खेळलेल्या माणसाच्या वाटेबद्दल आहे.

आधी पदांची उतरंड. हेड कोच एक. त्याच्याखाली ऑफेन्स (आक्रमण), डिफेन्स (बचाव) आणि स्पेशल टीम्स (किकच्या खेळी) यांचे कोऑर्डिनेटर. त्यांच्याखाली पोझिशन कोच: कुणी पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकना शिकवतो, कुणी पास झेलणाऱ्या रिसीव्हरना, कुणी पुढे अडवणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनला, कुणी बचावाच्या मधल्या फळीतल्या लाइनबॅकरना. हेड कोच सोडून हे सगळेच असिस्टंट कोच. म्हणजे २०२१मध्ये वर्षाला २५ लाख डॉलरचा करार मिळालेले क्लेम्सन विद्यापीठाचे तेव्हाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ब्रेंट व्हेनेबल्स हे असिस्टंट, आणि वसतिगृहातली खोली व मेसचं जेवण यांवर हंगाम काढणारा छोट्या कॉलेजातला मुलगाही असिस्टंट. दोघांच्या मधल्या आणि खालच्या पायऱ्यांवर ग्रॅज्युएट असिस्टंट, क्वालिटी कंट्रोल आणि अ‍ॅनालिस्ट येतात.

एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या सर्वांत वरच्या पातळीवर, एफबीएसमध्ये, असिस्टंट कोचेसची मर्यादा बरीच वर्षं नऊ होती. जानेवारी २०१८पासून ती दहा झाली. नवख्यांसाठी खरा मोठा बदल २०२४च्या उन्हाळ्यात झाला. तोवर अ‍ॅनालिस्ट आणि क्वालिटी कंट्रोलवाल्यांनी खोलीत बसून फिल्म बघायची, अहवाल लिहायचे, पण मैदानावर खेळाडूला तंत्र शिकवायचं नाही असा नियम होता. आता सरावात आणि सामन्यात त्यांनाही शिकवता येतं. हायस्कूलच्या खेळाडूंच्या भरतीसाठी बाहेर फिरणं मात्र ठरावीक कोचेसनाच करता येतं. त्यामुळे आज क्वालिटी कंट्रोलची जागा मिळाली तर ती पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त शिकवणारी आहे.

आता प्रत्यक्ष काम. आमचा आठवडा रविवारी सकाळी सुरू होतो. शनिवारच्या सामन्याचं चित्रण दोन कोनांतून झालेलं असतं, एक मैदानाच्या बाजूने उंचावरून, दुसरं गोलपोस्टच्या मागून. त्यातल्या प्रत्येक स्नॅपला, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या प्रत्येक खेळीला, माझ्या प्रत्येक खेळाडूला गुण द्यायचे. पहिलं पाऊल बरोबर दिशेला पडलं का? नजर ज्याच्यावर हवी त्याच्यावर होती का? टॅकल करताना, म्हणजे समोरच्याला पकडून पाडताना, डोकं कुठे होतं? एक खेळी पाच-सहा सेकंदांत संपते, पण ती मागेपुढे करत पुन्हा पुन्हा पाहावी लागते, आणि सामन्यात डिफेन्सच्या वाट्याला सहज साठ-सत्तर खेळी येतात.

मग पुढचा प्रतिस्पर्धी. त्याच्या मागच्या चार-पाच सामन्यांतली एकेक खेळी तक्त्यात नोंदवायची: कितवा डाऊन (दहा यार्ड मिळवण्याच्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू डाव्या हॅशवर (मैदानावरच्या छोट्या खुणांच्या रांगेवर) की उजव्या, कोणते खेळाडू मैदानावर होते, फॉर्मेशन, म्हणजे मांडणी, काय, स्नॅपआधी कुणी जागा बदलली का, पळाले की पास टाकला, किती यार्ड मिळाले. याला आम्ही ब्रेकडाऊन म्हणतो. खेळाडूंच्या नोंदीसाठी दोन आकडी खूण असते. पहिला आकडा रनिंग बॅकचा (चेंडू घेऊन पळणारा), दुसरा टाइट एंडचा (अडवणारा आणि पास झेलणाराही), बाकीचे रिसीव्हर. '११ पर्सोनेल' म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर. '१२' म्हणजे टाइट एंड दोन आणि रिसीव्हर दोन. हायस्कूलपासून छोट्या कॉलेजांपर्यंत बहुतेक ठिकाणी हे सगळं हडल नावाच्या प्रणालीत भरतात. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात २००६मध्ये ती कंपनी सुरू झाली. हायस्कूलमध्ये मदत करायला गेलात तरी पहिल्याच दिवशी हडलच समोर येईल, म्हणून ती आधी हाताखालून गेलेली बरी.

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण नवख्याचं सगळं भवितव्य याच तक्त्यात असतं. कोऑर्डिनेटर तुमच्या नोंदींवरून ठरवतो की तिसऱ्या डाऊनला सात यार्ड हवे असताना हा संघ काय करतो, आणि मंगळवारी तेच शंभर मुलांना सांगतो. त्या मुलांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा, आणि त्याने तुमच्यावर. ज्याचा तक्ता पुन्हा तपासावा लागत नाही त्याला वर्षभरात खोलीतल्या चर्चेत बसवून घेतात आणि पुढे त्याचं मतही विचारतात. माझ्या पाहण्यात या धंद्यात वर गेलेली न खेळलेली माणसं याच एका गुणावर गेली आहेत.

तक्त्याच्या जोडीला कार्ड. प्रतिस्पर्ध्याची खेळी आपल्याच राखीव खेळाडूंकडून, म्हणजे स्काउट टीमकडून, सरावात करून घ्यायची असते. प्रत्येक खेळीचं एक मोठं चित्र काढायचं: कोण कुठे उभा, कुणी कुणाला अडवायचं, बाण कुठे. ते हातात उंच धरायचं, मुलांनी तीन-चार सेकंद पाहायचं आणि खेळायचं. चित्र स्वच्छ हवं. रेषा अस्पष्ट असेल तर स्काउट टीम चुकीची पळते, मूळ संघ चुकीचं शिकतो, आणि शनिवारी त्याची किंमत मोजावी लागते. मंगळवार-बुधवार असेच जोरदार सरावाचे, गुरुवार हलका, शुक्रवारी नुसतं चालत उजळणी.

पण मला ज्यासाठी हे काम प्रिय आहे ते म्हणजे शिकवणं. उदाहरण घेऊन सांगतो. आम्ही बऱ्याचदा 'क्वार्टर्स' नावाचं कव्हरेज (पास रोखण्याची रचना) खेळतो. त्यात माझ्या सेफ्टीने बाजूच्या रेषेकडून मोजत आलं की दुसऱ्या क्रमांकावर उभ्या असलेल्या रिसीव्हरवर नजर ठेवायची. तो सरळ खोल धावला तर तो माझा. तो लवकर बाहेरच्या बाजूला वळला तर त्याला सोडायचं आणि पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरच्या मार्गात मदतीला जायचं. आणि तो धावलाच नाही, अडवायलाच पुढे आला, तर ही पळण्याची खेळी आहे, आपण खाली यायचं. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे फळ्यावर पाच मिनिटांत कळतं. मैदानावर, चेंडू हलल्यापासून एका सेकंदात, क्वार्टरबॅकच्या फसव्या हालचालीकडे न बघता हे ओळखणं, यासाठी दोन हंगाम लागतात. त्या दोन हंगामांत त्याला रोज नव्याने, न चिडता, थोडं वेगळ्या शब्दांत तेच सांगायचं, हे माझं काम. कुणाला फळ्यावर कळतं, कुणाला फिल्मवर, कुणाला स्वतः पावलं टाकूनच. कुणाला कसं कळतं हे ज्याला लवकर ओळखता येतं तो चांगला कोच.

असिस्टंट कोच म्हणजे शिक्षक हा विचार ओहायोत फार जुना आहे. पॉल ब्राऊन यांनी मॅसिलन इथल्या हायस्कूलमध्ये नाव कमावलं आणि १९४६पासून क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघाची धुरा सांभाळली. खेळाडूंना वर्गात बसवणं, वह्या लिहायला लावणं, फिल्म पाहून प्रत्येकाला गुण देणं, असिस्टंट कोचेसना हंगामापुरतं न ठेवता वर्षभर पूर्ण वेळ कामावर ठेवणं, या आज सर्वत्र दिसणाऱ्या पद्धती त्यांनी रुजवल्या. १९५६मध्ये तर त्यांनी सूचना देण्यासाठी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून पाहिला, पण एनएफएल या व्यावसायिक लीगने तो बंद केला. एनएफएलने तो १९९४मध्ये अधिकृतपणे आणला, एफबीएसमध्ये तो २०२४मध्ये आला. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजात अजून हातवारे आणि खेळी लिहिलेले मनगटावरचे पट्टे चालतात.

उच्चाराबद्दल बरेच जण घाबरत विचारतात, म्हणून इथेच सांगतो. आपला मराठी वळणाचा उच्चार अडचण ठरत नाही; लांबलचक वाक्यं ठरतात. मैदानावर सूचना एक-दोन अक्षरांच्या, मोठ्याने आणि दरवेळी त्याच शब्दांत द्यायच्या. मुलं तुम्हाला 'कोच' म्हणतात, पुढे नाव लावतात, ते त्यांच्या जिभेला जमेल तसं लहान करून घेतात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून उच्चाराचा विषय कुणाच्या डोक्यातही राहत नाही.

या क्षेत्रात शिरायचं कसं? खेळलेल्यांसाठी ठरलेला रस्ता आहे. आज सगळ्यांना माहीत असलेले, कॉलेज फुटबॉलचे नामवंत हेड कोच निक सेबन १९७३मध्ये ओहायोतल्याच केंट स्टेटमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट झाले, तेही पत्नीचं शिक्षण पूर्ण व्हायचं होतं म्हणून. एनएफएलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सचे हेड कोच निक सिरियानी यांची कथा छोट्या कॉलेजांत असणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. ते ओहायोतल्या माउंट युनियन या डिव्हिजन थ्री कॉलेजात खेळले, २००४मध्ये तिथेच डिफेन्सिव्ह बॅक्सचे कोच झाले, मग डिव्हिजन टूमध्ये तीन वर्षं रिसीव्हरना शिकवलं, आणि २००९मध्ये कॅन्सस सिटीच्या एनएफएल संघात क्वालिटी कंट्रोलची जागा मिळाली. २०२१मध्ये ते हेड कोच झाले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांच्या संघाने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला.

न खेळलेल्यांचं उदाहरण हवं तर माइक लीच. कॉलेजात फुटबॉल न खेळता, कायद्याची पदवी घेऊन ते १९८७मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात असिस्टंट म्हणून आले, मध्ये फिनलंडमध्येही शिकवून आले, आणि पुढे पास टाकण्याची संपूर्ण वेगळी पद्धत रुजवणाऱ्यांत गणले गेले. एनएफएलचे नामवंत हेड कोच ठरलेले बिल बेलिचिक डिव्हिजन थ्रीत खेळलेले, पण १९७५मध्ये बाल्टिमोर कोल्ट्समध्ये आठवड्याला २५ डॉलरवर त्यांनी जे सुरू केलं ते फिल्मचं ब्रेकडाऊनच. तेव्हा प्रोजेक्टर होता, आता लॅपटॉप आहे, दार तेच आहे.

विद्यापीठात असाल तर फुटबॉलच्या व्हिडिओ विभागात विद्यार्थी कामगारांच्या जागा असतात. सरावाचं चित्रण, फिल्म कापणं, नावं देणं, हार्ड डिस्क सांभाळणं. हे काम शिकवतं, कारण दिवसभर कोच काय बोलतात ते कानावर पडत राहतं. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. चित्रण उंच लिफ्टवरून होतं. २०१०मध्ये नोटर डेम विद्यापीठात वादळी वाऱ्यात अशी लिफ्ट कोसळून चित्रण करणारा विद्यार्थी मरण पावला. वारा जास्त वाटला तर वर चढू नका, चढला असाल तर उतरा, आणि कुणाची परवानगी मागत बसू नका.

व्हिसाचं गणित सुरुवातीलाच मांडा. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि व्हिडिओ विभाग कॅम्पसवरच असल्याने ही वाट सरळ आहे. कॅम्पसबाहेर हायस्कूलमध्ये 'फुकट मदत करतो' म्हणून जाण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा. बिनपगारी कामालाही नियम असतात. ग्रॅज्युएट असिस्टंटला शिक्षण शुल्कात सूट आणि थोडा भत्ता मिळतो, त्याबदल्यात पदव्युत्तर अभ्यास आणि फुटबॉल दोन्ही करावं लागतं. पदवीनंतरच्या ओपीटीत (विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीत) काम तुमच्या विषयाशी संबंधित असावं लागतं, म्हणून विषय निवडतानाच विचार करा. संख्याशास्त्र, क्रीडा व्यवस्थापन, व्यायामशास्त्र, शिक्षणशास्त्र यांची सांगड घालता येते. संगणकशास्त्राची पदवी घेऊन सेफ्टीजचा कोच कसा, हे पटवणं फार कठीण जातं. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी विद्यापीठं आणि कॉलेजं वार्षिक कोट्याच्या बाहेर असतात, हा आपल्याला मोठा आधार आहे. माझं स्वतःचं पद दोन भागांचं आहे. फुटबॉल, आणि संख्याशास्त्राचे प्रास्ताविक वर्ग. छोट्या कॉलेजांत अशी जोडपदं बरीच असतात, आणि परदेशी माणसासाठी ती शोधण्यासारखी आहेत.

भरती हा अर्धा हंगाम खातो. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक मुलगा फी भरून किंवा गुणवत्तेवर व गरजेवर मिळणाऱ्या मदतीवर येतो. शुक्रवारी रात्री हायस्कूलचे सामने, हिवाळ्यात शाळांच्या कार्यालयांत चकरा, मग घरी भेट. तिथे आईवडील फुटबॉलबद्दल एखादा प्रश्न विचारतात आणि बाकी वेळ कर्ज, अभ्यासक्रम आणि नोकरी यांवर बोलतात. मला या भेटी आवडतात. माझ्या घरीही असंच बोलणं झालं असतं. कोचने तिथे खरं सांगावं: तुमचा मुलगा पहिल्या वर्षी बहुधा खेळणार नाही, आमच्याकडे अमुक विषय चांगला आहे, अमुक नाही. जो संघ असं खरं बोलू देत नाही तिथे राहू नये.

सुरक्षेबद्दल मी कठोर आहे. डोकं खाली घालून, हेल्मेटच्या माथ्याने धडक मारण्यावर १९७६मध्ये बंदी आली आणि मानेच्या गंभीर इजा झपाट्याने कमी झाल्या. शिकवण्याची पद्धत बदलली की माणसं वाचतात, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर खेळाडू बाहेर. तो परत कधी येणार हे अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या इजा पाहणारा तज्ज्ञ) आणि डॉक्टर ठरवतील, कोचने त्यांच्याकडे प्रश्नार्थक बघायचंसुद्धा नाही. ऑगस्टमधल्या सरावाला उष्माघाताचा धोका असतो. ओहायोच्याच वॉरन गावचा कोरी स्ट्रिंगर हा मिनेसोटा व्हायकिंग्जचा धिप्पाड खेळाडू १ ऑगस्ट २००१ रोजी त्यातच गेला. आता नियम असा की उष्माघाताचा रुग्ण आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, मग हॉस्पिटलला न्यायचा. तुम्ही सर्वांत कनिष्ठ असाल तर तो बर्फाचा टब भरलेला आहे की नाही हे रोज बघणं बहुधा तुमच्याच वाट्याला येईल. सरावाच्या कागदावरच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते महत्त्वाचं समजा.

पैशाबद्दल आणि घराबद्दल थोडक्यात. सुरुवातीची वर्षं तुमच्या संगणकातल्या मित्रांच्या पगाराच्या जवळपासही जाणार नाहीत. करार बहुतेक वर्षाचे असतात. हेड कोचला काढलं तर नवा येणारा आपली माणसं घेऊन येतो आणि जुने असिस्टंट आठवड्याभरात सामान बांधतात, मग त्यांचं काम कितीही चांगलं असो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फोन वाजत राहतो. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराशी हे सगळं आधी बोला, कारण गावं बदलणार, दिवाळी बहुतेकदा हंगामात येणार आणि तुम्ही त्या संध्याकाळी फिल्म बघत असणार. माझ्या बायकोची नोकरी घरून चालते म्हणून आमचं जमतं.

मुलींनी ही वाट बंद आहे असं समजू नये. २०१५मध्ये जेन वेल्टर यांनी ॲरिझोना कार्डिनल्सच्या शिबिरात लाइनबॅकर्सना शिकवलं, २०१६मध्ये कॅथरिन स्मिथ बफेलो बिल्समध्ये एनएफएलच्या पहिल्या पूर्णवेळ महिला असिस्टंट झाल्या, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये केटी सॉवर्स सुपर बोलमध्ये कोच म्हणून उभ्या राहिल्या. आपल्यासारखं नाव असलेलं कुणी आहे का, असंही विचारतात. संजय लाल आहेत. छोट्या संघांतून वर येत २००७मध्ये ओकलंड रेडर्समध्ये क्वालिटी कंट्रोल, २००९मध्ये तिथेच रिसीव्हर्सचे कोच, पुढे जेट्स, बिल्स, काउबॉइज, सीहॉक्स अशा एनएफएल संघांत लांब कारकीर्द. भारतात २०११मध्ये जाहीर झालेल्या एलिट फुटबॉल लीगमध्ये 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता. शिकवायचा अनुभव कुठेही मिळाला तरी तो गाठीला असतो, त्यामुळे पुण्यामुंबईत कुणी हौशी संघ चालवत असेल तर तिथे फिल्मची बाजू सांभाळायला पुढे व्हा.

आता अर्ज. मोठ्या नावाच्या विद्यापीठातल्या हेड कोचला पत्र लिहू नका, ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. व्हिडिओ कोऑर्डिनेटर, फुटबॉल ऑपरेशन्सचा प्रमुख, किंवा छोट्या कॉलेजातला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, यांना लिहा. चार ओळी पुरतात: मी कोण, आठवड्याला किती तास देऊ शकतो, कधीपासून, व्हिसा कोणता. सोबत कामाचा नमुना जोडा. टीव्हीवर झालेल्या त्यांच्याच संघाच्या एका सामन्याचं पूर्ण ब्रेकडाऊन करून तक्ता पाठवा, आणि खाली त्यातून दिसणाऱ्या दोन-तीन सवयी, आकड्यांसह. टीव्हीच्या चित्रणात सेफ्टी बहुतेक वेळा चौकटीबाहेर असतात, म्हणून कव्हरेजचा रकाना अंदाजाने भरू नका, मोकळा सोडा. पाहणारा माणूस आधी तोच रकाना बघतो. पत्र जूनमध्ये पाठवा, जुलैच्या मध्यापर्यंत उत्तर नसेल तर एकदा आठवण करा. ऑगस्टचं शिबिर सुरू झालं की कुणालाही टपाल उघडायला वेळ नसतो.